लॉनच्या मातीचा हिशेब

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या दोन इमारतींच्या मध्ये एक लॉन आहे. घरातून चार पायऱ्या उतरलं की अनवाणी गवतावर चालता येतं, याचं अप्रूप इथे राहायला येऊन १८ वर्षं झाली तरी मला कमी वाटत नाही. सकाळी ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारतात, संध्याकाळी मुलं लोळतात, मे महिन्यात रात्री जेवणं उरकून बायका तिथेच बसतात.

दोन वर्षांपूर्वी या लॉनच्या मधून पाइपलाइनसाठी चर खणला गेला. काम करणाऱ्यांनी पाइप टाकला, खणताना निघालेलं सगळं परत आत लोटलं, वरून पायाने दाबल्यासारखं केलं आणि ते निघून गेले. पहिल्या पावसात चर बसला, दुसऱ्या पावसात आणखी बसला. वरचं गवत विरळ झालं, पण उरलेल्या गवताने खोलगटपणा झाकला होता. जानेवारीत एका सकाळी सासूबाईंचा पाय नेमका तिथे पडला आणि घोटा मुरगळला. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे त्या घरातल्या घरात भिंत धरून चालत होत्या. त्यानंतर कमिटीच्या बैठकीत मी सांगितलं की लॉनचं काम या वर्षी व्हायलाच हवं आणि ते मी बघते.

बागेची कामं घेणारा एक ठेकेदार येऊन बघून गेला. त्याच्या अंदाजपत्रकात पहिलीच ओळ होती, ‘लाल माती ४ ब्रास’. मी विचारलं, चार कशी काढलीत? तो म्हणाला, “मॅडम, एवढ्या लॉनला एवढी लागतेच. सगळीकडे दोन इंचाचा थर द्यायचा, दबेल म्हणून एक ब्रास जास्त.” गणित म्हणून ते बरोबर होतं. आमचं लॉन एल आकाराचं आहे. मोठा भाग ४६ बाय ३० फूट, छोटा २० बाय १८ फूट. एकूण १,७४० चौरस फूट. दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा भाग, त्यामुळे २९० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.९ ब्रास. वर एक जास्त धरला की झाले जवळजवळ चार.

पण मला खटकत होतं ते ‘सगळीकडे’. लॉनचा बराच भाग धडधाकट होता. जिवंत गवतावर एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त माती टाकली तर पात्यांना उजेड मिळत नाही आणि गवत खालच्या खाली पिवळं पडून मरतं. शिवाय कोपऱ्यात सोनमोहराचं मोठं झाड आहे. त्याच्या बुंध्याभोवती दोन इंच माती चढवायची म्हणजे वर असलेल्या मुळांची हवा तोडायची. माती कमी पडली तर पुन्हा आणता येते. जास्त आलेली कुठेतरी पसरली जातेच, आणि तिथलं चांगलं गवत जातं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. त्यांना मी तो कागद दाखवला. ते म्हणाले, “अगं, अंदाज डोळ्याने करायचा नसतो. सूत ताण, खुंट्या ठोक आणि मोज. रविवारी मी येतो खाली.”

रविवारी ते खरंच आले. बरोबर पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी होती, गवंडी वापरतात तशी लेव्हलची नळी. नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक एका खुंटीपाशी, दुसरं टोक दूरच्या खुंटीपाशी धरायचं. दोन्हीकडे पाणी जिथे थांबतं त्या खुणा एका पातळीत असतात. तशा खुणा करून आम्ही आठ खुंट्यांवर सूत ताणलं आणि दर पाच फुटांवर सुतापासून जमिनीपर्यंत पट्टीने मोजत गेलो. माझी मुलगी वहीत आकडे उतरवत होती. पट्टी गवताच्या शेंड्यावर टेकवायची नाही, पाती बाजूला करून मातीला टेकवायची, हे काका तिला पुन्हा पुन्हा बजावत होते. पात्यांची उंची इंचभर तरी असते, आणि प्रत्येक मापात इंचभर चूक म्हणजे १,७४० चौरस फुटांवर १४५ घनफुटांची चूक.

दुपारी घरी बसून बेरीज केली तर ११० घनफुटांच्या वर गेली. मी खूश झाले, चार ब्रासवरून सव्वा ब्रासच्या आत आलो म्हणून. काकांनी वही बघितली आणि विचारलं, “पाणी कुठे जाणार मग?”

तेव्हा लक्षात आलं की मी सगळं लॉन पाण्याच्या पातळीत आणायला निघाले होते. आमच्याकडे चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. सपाट लॉनवर पाणी उभं राहतं, मुळं कुजतात आणि इमारतीच्या पायथ्याशी ओल येते. लॉनला इमारतीकडून गटाराकडे उतार हवाच. दर १०० फुटांना एक फूट, म्हणजे १० फुटांना साधारण सव्वा इंच. आमच्या ३० फूट रुंदीत साडेतीन इंच. मग गटाराकडच्या सगळ्या खुंट्यांवर सूत साडेतीन इंच खाली बांधलं आणि पुन्हा मोजलं. गटाराजवळच्या ज्या कोपऱ्यात पाणी साचतं तिथे आधी साडेसात इंच खोली दिसत होती, ती चार इंचांवर आली. त्या कोपऱ्यात पाणी साचण्याचं अर्धं कारण तर चेंबरच्या जाळीत होतं. जाळीवर सोनमोहराची बारीक पानं आणि प्लॅस्टिक बसून घट्ट थर झाला होता. तो काढायला माळीदादांना दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या मोजणीनंतर वहीत जे राहिलं ते असं. चर ४२ फूट लांब, अडीच फूट रुंद, सरासरी साडेतीन इंच बसलेला. त्याला साडेतीस घनफूट. मुलं जिथे बॅटिंगला उभी राहतात तो खड्डा ८ बाय ६ फूट, दोन इंच खोल. त्याला ८ घनफूट. पाणी साचणारा तिकोनी कोपरा ५४ चौरस फूट, सरासरी अडीच इंच. त्याला सव्वाअकरा घनफूट. आणि जिथे जमीन जवळजवळ समतल आहे पण गवत विरळ झालंय असे ठिकठिकाणचे तुकडे मिळून ३१० चौरस फूट. त्यांना अर्धा इंच थर, म्हणजे तेरा घनफूट. सगळं मिळून ६३. पाणी मारल्यावर माती बसते म्हणून पाचवा हिस्सा वाढवला, तर ७५ घनफूट. पाऊण ब्रास.

सोनमोहराच्या दाट सावलीतला मोकळा पट्टा मी मुद्दाम हिशेबातून काढला. लॉनच्या गवताला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. तिथे ते मिळत नाही, म्हणून तिथे गवत नाही. माती टाकून ऊन येत नाही. नुसती माती उघडी राहिली तर फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्याने उडते. शिवाजी पार्कच्या आसपास राहणारे लोक तिथल्या लाल मातीच्या धुळीबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करताहेत, ते काय सोसतात ते माझी मावशी दादरला राहते म्हणून मला ठाऊक आहे. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की लाल होतं. आमच्या तळमजल्यावर दोन आजी दम्याच्या आहेत. त्या पट्ट्यात आम्ही सुकी पानं पसरून ठेवली.

काम कधी करायचं यावर फार चर्चा झाली नाही. आमच्याकडचं लॉनचं गवत उष्ण हवेतलं. थंडीत ते मंद असतं, फाल्गुनात हवा तापू लागली की नव्याने फुटतं. तेव्हा टाकलेली माती ते भराभर पकडतं. मृगात काम काढलं तर एका रात्रीच्या पावसात सगळी माती गटारात जाते. अंगणात होळी पेटते, तेव्हा ती झाल्यावर सुरुवात करायची असं ठरलं. दुसरंही कारण होतं. मार्च म्हणजे परीक्षा, मुलं घरात. दुरुस्त केलेल्या जागेवर तीन आठवडे पाय पडू द्यायचा नसतो, आणि सुट्टी लागल्यावर मुलांना लॉनवर येऊ नका असं सांगायची माझी तयारी नव्हती.

माती बघायला मी हायवेलगतच्या दोन-तीन नर्सऱ्यांमध्ये फिरले. लाल माती म्हणून जे ढीग दाखवतात त्यातले सगळे मातीचे नसतात. सध्या मुंबईत जिकडेतिकडे जुन्या इमारती पाडून नव्यांचे पाये खणताहेत, त्या खोदाईतून निघालेला मुरूम लाल मातीत मिसळून विकला जातो. रंग तसाच असतो, म्हणून रंगावर जाऊ नये. मी प्रत्येक ढिगातून मूठभर माती घेऊन जराशी ओली केली आणि मुठीत दाबली. चांगल्या मातीचा लाडू वळतो आणि अंगठ्याने टोकला की मोडतो. जो वळतच नाही त्यात मुरूम किंवा रेती जास्त. जो मोडत नाही, चिखलासारखा दबतो, ती चिकणमाती. घरी काचेच्या बरणीतही करून पाहिलं. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. जाड रेती मिनिटभरात तळाला बसते, त्यावर बारीक पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. तीन बरण्या ओट्यावर रांगेत ठेवल्या की कुठली माती घ्यायची ते कोणालाही कळेल. एका बरणीत बोटभर नुसती खडीच बसली होती.

प्रमाण माळीदादांशी बोलून ठरवलं. ७५ घनफुटांत ५० माती, १५ रेती, १० खत. रेती निचऱ्यासाठी. खत आमच्या सोसायटीच्या खतकुंडीतलंच, सुक्या पानांचं आणि भाजीच्या देठांचं, वर्षभर मुरलेलं. दादांना चरात खालपर्यंत खत घालायचं होतं. काका म्हणाले, तिथे नको. खत कुजत जातं तसं आकसतं, आणि जेवढं खाली घालाल तेवढी जमीन पुढे बसेल. म्हणून चरात खाली फक्त माती-रेती, वरच्या दीड इंचात खत, असं ठरलं.

मोजायचं कशाने हाही प्रश्नच होता. दादा घमेल्यात विचार करतात, मी घनफुटात. म्हणून आमचं घमेलं काठोकाठ भरून बादलीने मोजलं, तर साडेनऊ लिटर. घनफूट म्हणजे २८.३ लिटर, तेव्हा तीन घमेली म्हणजे एक घनफूट. पाऊण ब्रास म्हणजे २२५ घमेली. त्या दिवसापासून दादा मला म्हणायचे, “ताई, कोपऱ्याला चौतीस घमेली ना?” आणि मला आनंद व्हायचा, कारण आता आम्ही दोघं एकच आकडा बोलत होतो.

पंधरा लिटरच्या बादलीत भरलेली सुटी कोरडी माती वजनकाट्यावर १९ किलो भरली. म्हणजे घनफुटाला ३६ किलोच्या आसपास. ठेकेदाराची चार ब्रास माती आणली असती तर ती १४ टन भरली असती. हे वजन लक्षात ठेवण्यासारखं आहे. माझ्या बहिणीच्या ठाण्यातल्या सोसायटीचं लॉन पोडियमच्या स्लॅबवर आहे, खाली गाड्या उभ्या असतात. अशा ठिकाणी १,००० चौरस फुटांवर नुसता एक इंच थर वाढवला तरी कोरडी तीन टन माती चढते, आणि भिजल्यावर आणखी जड होते. तिथे मोजपट्टीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारायला हवं. मी तिला फोन करून हे सांगितलं, तेव्हा त्यांच्याकडे माती टाकायचं ठरलंही होतं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माती आली. विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं, “एक गाडी म्हणजे एक ब्रास समजा.” आम्हाला अर्धा ब्रासच हवी होती, पण मी म्हटलं गाडी येऊ दे, मोजून घेऊ. गेटपाशी पिकअप उभी राहिली. मी टेप घेऊन हौद्यात चढले. लांबी ९ फूट, रुंदी साडेपाच फूट. ड्रायव्हरला सांगून ढीग फावड्याने सपाट करून घेतला आणि पाच जागी लोखंडी सळई खुपसून खोली बघितली. दहा इंच. गुणाकार तिथेच मोबाइलवर केला, ४१ घनफूट. बिलावर मात्र एक ब्रास लिहिलेला, म्हणजे १००.

ड्रायव्हर म्हणाला, सगळे असंच घेतात. मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं, तो बिचारा गाडी चालवणारा. मालकाला फोन लावला आणि आकडे वाचून दाखवले. तोही म्हणाला की गाडीचाच भाव असतो. मी म्हटलं, “गाडीचा भाव लावा, पण मग ब्रास लिहू नका. ब्रास लिहिलंत तर शंभर घनफूट द्या.” दोन मिनिटं शांतता, मग त्याने ४१ घनफुटांचं बिल करायचं कबूल केलं. राहिलेली नऊ घनफूट माती त्याने दुपारी गोण्यांमधून पाठवली. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट मावतं, आठ गोण्या आल्या. माती, रेती, खडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की गाडी रिकामी व्हायच्या आधी हौदा मोजा. एकदा ढीग जमिनीवर पडला की त्याचं माप कोणालाच सिद्ध करता येत नाही.

मग चाळणी. पाव इंची जाळी लाकडी चौकटीला ठोकून भिंतीला तिरकी लावली आणि दादा फावड्याने माती तिच्यावर मारत गेले. ढेकळं, दगड, मुळं अलीकडे पडत होती. मी शेजारी बसून ते चिवडत होते आणि त्यात मला हव्या त्या, खरं तर नको त्या, गोष्टी सापडल्या. हरभऱ्याएवढ्या काळ्या-तपकिरी गाठी, अंगावर बारीक केस, एका टोकाला सुतासारखा धागा. एक नखाने फोडली. आत पांढरी, आणि वास उग्र, जरासा औषधी. लव्हाळा. ही एक गाठ लॉनमध्ये गेली की तिच्यापासून धागा जातो, धाग्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिच्यापासून तिसरी. वरून उपटलं की पान हातात येतं आणि गाठ खालीच राहते. पाहता पाहता गवताच्या जागी लव्हाळाच होतो. संध्याकाळपर्यंत अर्धा डबा गाठी निघाल्या. त्या आम्ही खतकुंडीत टाकल्या नाहीत, कडक उन्हात पत्र्यावर वाळवल्या आणि कचऱ्यात दिल्या. चाळायला दोन दिवस गेले. सेक्रेटरींना वाटत होतं की हा वेळ वाया जातोय. मी त्यांना तो डबा दाखवला.

चर भरायच्या आधी दादांनी टिकावाने एका जागी उकरून बघितलं, आणि मग सगळाच उकरावा लागला. आत डबर होतं. फरशीचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, गुटख्याच्या पुड्या, पाइपचे कापलेले तुकडे. मध्ये मध्ये पोकळ्या. पाऊस पडला की वरची माती या पोकळ्यांमधून खाली जात होती, म्हणून चर दोन वर्षं बसतच होता. आम्ही पाइपच्या बरंच वर, फक्त वरच्या फुटाभरातलं डबर हाताने जपून काढलं. ते १८ घमेली भरलं. मी वही काढली. अठरा घमेली म्हणजे सहा घनफूट, आणि ही जागा माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. मी वरून किती खाली गेलंय तेवढंच मोजलं होतं. खाली काय आहे ते सुताला कळत नाही. आता पुन्हा करायची वेळ आली तर आधी दोन जागी उकरून बघेन, मग सूत ताणेन.

चर थराथराने भरला. दोन इंच माती-रेती, झारीने पाणी, जरा वेळ मुरू द्यायची, मग धुम्मस, म्हणजे माती ठोकायचं जड अवजार. ओली असताना लगेच ठोकली तर चिखलाची पोळी होते, पाणी खाली जात नाही. म्हणून मुठीत लाडू वळेल पण हाताला चिकटणार नाही, एवढी ओल आली की ठोकायचं. बॅटिंगच्या खड्ड्यात आणि कोपऱ्यात गवत अजून जिवंत होतं, तिथे दादांनी फावडं आडवं धरून गवत चटईसारखं दीड-दोन इंच जाडीच्या तुकड्यांमध्ये उचललं, खाली माती भरली आणि तुकडे परत जागच्या जागी बसवले. वरून माती ओतून एवढा खोल खड्डा भरला असता तर गवत गाडलं गेलं असतं. विरळ जागांवर मात्र अर्धा इंच मिश्रण पसरून, फळी ओढून, शेवटी खराट्याने झाडत झाडत ते पात्यांच्या मधे उतरवलं. झाडून झाल्यावर गवताचे शेंडे वर दिसायला हवेत. दिसले नाहीत तिथून माती परत उचलली. चरावर लॉनच्याच कडेचे ठोंब, म्हणजे मुळांसकट गवताचे झुबके, काढून तीन-तीन इंचांवर लावले.

पाण्याचा हिशेबही त्याच सूत्राने निघाला. दुरुस्त केलेली जागा ५१७ चौरस फूट, त्यावर पाव इंच पाणी म्हणजे पावणेअकरा घनफूट, साधारण ३०० लिटर. सुरुवातीचे दहा दिवस सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी मिळून एवढं पाणी दिलं, मग एक दिवसाआड. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, त्यामुळे कमिटीला आकडा आधीच सांगून ठेवला होता आणि कोणी कुरकुर केली नाही.

पहिल्या आठवड्यात चर एक इंचभर बसला, माझ्या अंदाजापेक्षा जास्त. विरळ जागांवरचा अर्ध्या इंचाचा थर मात्र फारसा हललाच नाही. मी सगळ्याला सरसकट पाचवा हिस्सा वाढवला होता. प्रत्यक्षात पातळ थराला दहावा हिस्साही लागला नाही, आणि चराला डबराची जागा धरून जवळजवळ निम्मी माती जास्त लागली. एकूण पाच गोण्या आणखी मागवाव्या लागल्या, सव्वासहा घनफूट. ७५ चा अंदाज होता, ८१ लागली. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “मातीकामात एवढा फरक चालतो. पण कुठे गेली ते लिहून ठेव.” वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहिलंय, जागेनुसार.

एप्रिलच्या मध्याला चरावरचे ठोंब एकमेकांना भिडले. मुलांची सुट्टी लागली त्याच आठवड्यात दुरुस्त जागेभोवती बांधलेली दोरी सोडली. सासूबाई त्या संध्याकाळी चपला काठावर काढून आल्या आणि चर होता त्या रेषेवरून आडव्या, मग पुन्हा उलट, अशा चार वेळा चालल्या. मी हात पुढे केला होता, त्यांनी धरला नाही.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा छत्री घेऊन मी कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. पाणी जाळीकडे सरकत होतं, गढूळ नव्हतं. पाऊस थांबल्यावर तासाभराने जमीन मऊ होती, पण वर पाणी नव्हतं. सप्टेंबरात काकांबरोबर पुन्हा सूत ताणलं. चर पाऊण इंच खाली आहे, बाकी सगळीकडे पट्टी सुताला लागते. पाऊण इंच गुणिले १०५ चौरस फूट, साडेसहा घनफूट, वीस घमेली. चाळलेल्या मातीच्या दोन गोण्या जिन्याखाली कोरड्या ठेवल्या आहेत, तीन-चार आणखी लागतील. येत्या फाल्गुनात दोन हप्त्यांत टाकायची आहे, एका वेळी अर्ध्या इंचाच्या आत.